रांजणातलं पहिलं माणूस

कोमल आत शिरली तेव्हा तिला आधी दिसली ती पॅसेजमधली भरलेली सुटकेस. शेजारी घरची सून लिन कोट चढवून उभी.

"संध्याकाळच्या आत हिनं घर सोडायचं!" म्हातारे चुंग पेटीवर बसूनच गरजले. हाक्का चिनी, पण जन्म कलकत्त्यातला; हिंदी कोमलहून सरस. "हिनं माझा मूळपुरुष चोरला!"

मदतनीस कोमलच्या मागोमाग आलेल्या खासगी डिटेक्टिव्ह ऊर्मी राजाध्यक्षांनी हातमोजे काढले. "नीट सांगा, चाचाजी."

चुंगांचं गाव चीनच्या डोंगरात, सगळं एकाच कुळाचं. मूळपुरुष घाट ओलांडून आला, त्यानं गाव वसवलं. रीतीप्रमाणे पुढं त्याची हाडं उकरून, पुसून रांजणात बसवली: तळाशी पावलं, वर कवटी. रांजण घराण्याबरोबर आधी कलकत्त्याला, मग इथं कॅनडात विनिपेगला आला. आता गावात कुळाचं देऊळ नव्यानं बांधलं होतं. पुढच्या महिन्यात विमानानं नेऊन रांजण तिथं पहिल्या जागेवर बसवायचा होता. आज सकाळी बेसमेंटमध्ये तो रिकामा मिळाला.

"आधी कधी उघडला होता?"

"छे! माझ्या जन्माआधी आजोबांनी चुन्यानं बंद केला, तो तसाच. आत कुणी पाहिलेलं नाही. वीस पिढ्यांची नावं तोंडपाठ आहेत मला, ऐका." आणि ते म्हणूही लागले, एकामागून एक बाप्ये. मग लिनकडे बोट गेलं. "आणि ही करंटी! एका हिरव्या बांगडीपायी हाडांना हात लावला!"

"खुर्चीवर बसा ना," कोमल म्हणाली.

"इथंच बरा आहे."

दूरचा पुतण्या विल्यम किचनमध्ये चहा ओतत होता. "आमची कुळाची धाकटी शाखा. आमच्याकडं सांगतात, मूळपुरुष गावात पोचलाच नाही, घाटातच गेला. थडगं आहे तिथं. मग काकाच्या रांजणात कोण, ते काकालाच विचारा. मी कशाला चोरू?"

लिन एवढंच म्हणाली, "रोज उदबत्ती मी लावायचे. संशयालाही मीच बरी सापडले. म्हणून तुम्हाला बोलावलं."

कोमल कुजबुजली, "परसात पुरली असतील, ताई."

"फेब्रुवारीत? कुदळ तुटेल. तुझं अर्धं लक्ष डेकेअरमधल्या पोराकडं! हाडं घरातच आहेत."

ऊर्मीताई म्हाताऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "चाचाजी, आत कुणी पाहिलं नाही, मग बांगडी होती हे कसं कळलं?"

चुंग पेटीवर आणखी घट्ट बसले.

"आणि पुरुषाच्या हाडांत बांगडी कशी? विल्यम खरं सांगतोय. नवरा घाटात मेला. पोरं घेऊन पुढं आली ती बायको. गाव तिनं वसवलं. नेण्याआधी तुम्ही झाकण उघडलंत आणि मनगटाशी बांगडी दिसली. जमीन गोठलेली, पुरणार कुठं? उठा. आल्यापासून पेटीवरून हलला नाहीत तुम्ही."

पेटीत रजईवर हाडं ओळीनं मांडलेली होती. एका टोकाला पावलं, मधे मनगटाशी हिरवी बांगडी, दुसऱ्या टोकाला कवटी. लपवतानाही म्हाताऱ्यानं रीत मोडली नव्हती.

"पहिल्या जागेवर बाई?" चुंग म्हणाले. "कोण वाकलं असतं तिच्यापुढं?"

लिननं कोट उतरवला, रांजण वर आणला, पावलांपासून सुरुवात केली. कवटी ठेवताना थांबली.

"बाबा, हिचं नाव काय होतं?"

वीस पिढ्या तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्याला ते एक नाव येत नव्हतं.

लिननं झाकण लावलं. मग पुन्हा कोट चढवला आणि सुटकेस उचलली.