घंटी ऐकणारी मुकी

घंटी वाजली आणि सत्यभामेनं मान वळवली. सगळा घोटाळा झाला तो इथंच.

तसं तिचं काही चुकलं नव्हतं. भाद्रपदातली झड लागून सहा दिवस झाले होते, ओसरीवर बसून ती अंबाडीची पानं खुडत होती, आणि कुणी पाठीमागून येऊन कानाशी पितळी घंटी वाजवली तर माणूस वळून बघणारच. बघते तर एक परका तरुण... रुमालातून पाणी गळतंय, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात घंटी आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू पुरलेला हंडा सापडलाय!

"ऐकू येतं!" तो ओरडला. "पाटील, अवं पाटील, तुमच्या भाचीला ऐकू येतं!"

घराला ही काही नवी बातमी नव्हती. पण मामा अर्जुनराव, वडवणीचा सारा वसूल करणारे माली पाटील, नुसतेच खोकले. मामी छबुबाईंनी तोंडाला पदर लावला. कारण सत्यभामा मुकी होती. म्हणजे सरकारी कागदावर तरी होती.

झालं होतं असं. गेल्या फाल्गुनात निजाम सरकारनं माणसं मोजली. मोजणीवाल्यानं दारात उभं राहून तिचं नाव विचारलं. नाव तेवढं तिला कुणी विचारू नये! दुसरा शब्द अडला तर ती त्याला बगल द्यायची, भाकर अडली की तुकडा म्हणायची. पण नावाला दुसरं नाव कुठून आणायचं? पाच वेळा तिला बघायला पाहुणे आले, पाचही वेळा पाटावर बसवून पहिला प्रश्न तोच, "मुली, नाव काय तुझं?" आणि पाचही वेळा ती "स... स... स..." करत तिथंच रुतली. पाहुणे कळवतो म्हणून उठले. शेवटच्या खेपेला नवऱ्या मुलाचे भाऊ वेशीपर्यंत तिची नक्कल करत गेले, ती घरात ऐकू येत होती.

तर मोजणीवाला टाक धरून थांबला, थांबून कंटाळला आणि म्हणाला, "गूंगी है क्या?" सत्यभामा त्याच्याहून जास्त कंटाळली होती. तिनं मान डोलावली.

मामाला कळेपर्यंत कागद बीडला पोचला होता. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तोतरीची लोक नक्कल करतात, मुकीची नुसती कीव. कीव लांबूनच येते आणि लांबच थांबते. त्या दिवसापासून ती परक्यासमोर बोलेनाशीच झाली. गावाला ठाऊक होतं, पण पाटलाच्या घरचं सरकारी माणसाला कोण सांगणार?

आणि आता हा घंटीवाला!

तो होता नेकनूरकडचा, नोकरीला हैदराबादेत, मुक्या-बहिऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरसाहेबांकडे. गावकरी त्याला मुन्शी म्हणत. मोजणीतल्या मुक्यांची यादी घेऊन तो तट्टावरून गावोगाव हिंडायचा, मागून घंटी वाजवायचा, काशाची वाटी वाजवायचा आणि वहीत लिहायचा. पासष्ट मुके बघून झाले होते, पासष्टही बहिरे. ऐकू येत नाही म्हणून बोलणं शिकलेच नाहीत. साहेब दोन वर्षं शोधत होते तो ऐकू येणारा मुका.

"तुमी सहासष्टाव्या," मुन्शी तिला म्हणाला, आणि असा हसला की सत्यभामेला अंबाडी खुडायची की देठं, कळेना.

नदीला पाणी होतं. तट्टू पलीकडे जाईना. मुन्शी चावडीत राहिला, जेवायला पाटलाकडे, आणि जेवण झालं की ओसरीवर त्याची शाळा. मामी समोर सुपारी कातरत बसायच्या, तेव्हा हाताला हात लावायची सोय नव्हती. तो आपल्या गळ्यावर बोटं ठेवायचा.

"असा धरा तुमचा गळा. हां. आता म्हणा, आ..."

"आ," सत्यभामा म्हणायची.

"वा! बोटाखाली थरथरलं का?"

थरथरलं होतं. गळ्यात की आणखी कुठं, ते सांगायची सोय मुकीला नव्हती.

आठ दिवस त्यानं तिला आ, ई, ऊ शिकवलं आणि आठ दिवस ती बिचारी अडाण्यासारखी हळूहळू शिकली. लाज वाटायची. पण तिच्या तोंडाकडे कुणी इतका वेळ, इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं. लोक बघायचे ते तिचे ओठ अडकेपर्यंत. मग एक तर जमिनीकडे बघायचे, नाही तर तिचा शब्द आपणच पुरा करून टाकायचे, आणि बहुतेक चुकीचा.

बोलायचं काम मुन्शी एकटाच करायचा. तट्टाच्या गोष्टी, हैदराबादेतल्या दिव्यांच्या गोष्टी. एकदा बोलता बोलता मधेच थांबला.

"तुमी लई दमलेल्या दिसता," तो हळूच म्हणाला. "मी गावोगाव हिंडून दमलोय. तुमी घरात बसून... कावून? कशापायी?"

तिनं झटकन मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी अंबाडीत पडलं. हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

नवव्या दिवशी त्यानं डॉक्टरसाहेबांना उर्दूत पत्र लिहिलं आणि मामांना मराठीत समजावून सांगितलं. सापडली म्हणून. कान शाबूत, गळा शाबूत, आठ दिवसांत स्वर म्हणते म्हणून. साहेबांनी स्वतः यावं, ही मुलगी बघून सारा हिंदुस्थान चकित होईल म्हणून! उद्या बाजार, बाजारच्या डाकेनं पत्र जाणार.

सत्यभामा दाराआड ऐकत होती. साहेब येणार, पाटावर बसवणार, खोटं उघडं पडणार. तिचं काय, तिला सहाव्यांदा हसतील. पण या माणसाचं काय? गावोगावची पायपीट, सगळा विश्वास तिच्या एका खोट्या 'आ'वर ठेवला होता त्यानं. त्याला कुणी हसलेलं तिला चालणार नव्हतं. हे कळलं तेव्हा ती स्वतःच चपापली. म्हणजे प्रकरण इथवर आलं होतं तर!

सकाळी ती गोठ्यात गेली आणि भिंगरी म्हशीसमोर उभं राहून तालीम करू लागली.

"मुन्शीजी, मी मुकी न्हाई. मी अडकते. पत्र धाडू नका. तुमाला फसवायचं न्हवतं, मी नुसती दमलते." भिंगरीनं रवंथ केला. "असं सांगू ना गं? का आदी माफी मागू?"

एकही अक्षर अडलं नाही. म्हशीशी बोलताना कधीच अडत नसे.

आणि मागं वळली तर गोठ्याच्या दारात मुन्शी. डाकेला निघाला होता, आवाज ऐकून वळला होता, हातात पत्र.

"झ्याक बोलता की," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "आठ दिवस मला आ-ई करायला लावलंत. गंमत वाटली असंल."

"म... म..." सत्यभामेची मान ताठली, डोळे मिटले. "म... म..."

"माफ करा म्हनता?"

तिनं खांबावर हात आपटला. थांबा!

तो थांबला. पत्र्यावर झड वाजत होती. तिचे ओठ मिटून थरथरत होते, गळ्याची शीर फुगली होती, आणि मुन्शी... तो जमिनीकडे बघेना, की शब्द पुरवेना. नुसता उभा राहिला.

"म... म्हशीशी येतं," ती म्हणाली. घाम फुटला होता. "मा... माणसाशी न्हाई."

तो आत आला. मग पालथ्या घमेल्यावर बसला.

"कावून?"

"म्हैस घा... घाई न्हाई करत."

मुन्शीनं पत्राकडे पाहिलं, दुमडून त्याच्या चार चिंध्या केल्या आणि खिशात घातल्या. मग वही काढून कोरं पान उघडलं. "साहेबाच्या कागदात दोनच खाने हायत, बोलतो आन् बोलत न्हाई. तुमचा खानाच न्हाई. आता नीट सांगा. मामाशी अडतं?"

"लई."

"मामीशी?"

"थो... थोडं."

"जात्यावर गाताना?"

तिनं आठवून पाहिलं. आश्चर्यच होतं. "कदीच न्हाई."

तो लिहीत गेला. एकेक उत्तराला वेळ लागत होता आणि डाक निघून गेली तरी त्यानं मान वर केली नाही. शेवटी टाक कानावर ठेवून म्हणाला, "म्हंजे तुमच्याशी बोलायचं तर मला म्हशीइतकं व्हावं लागंल."

"अवघड हाय," सत्यभामा म्हणाली. अजिबात न अडता. मग दोघंही हसले, आणि भिंगरीनं कान हलवले.

"मी कार्तिकात येतो," तो उठताना म्हणाला. "घरच्यांना घेऊन. वाट... बघाल?"

तिनं भिंगरीपुढं वैरण टाकली. कळवतो, येतो, बघतो, सगळं तिनं ऐकलं होतं. नदी उतरली, तट्टू पलीकडे गेलं. तिनं वाट बघायची नाही असं ठरवलं आणि रोज बघितली.

दिवाळी झाली आणि ते खरंच आले. आई, बाप आणि तो. मामांनी चौकशी केली, सोयऱ्यातलेच निघाले. सहाव्यांदा पाट मांडला गेला. लुगडं नेसवताना मामी पुटपुटल्या, "सत्ये, या बारीला मीच सांगते नाव." सत्यभामेचे खांदे दुखत होते. सहावा पाट. माणसानं किती वेळा बसावं?

त्याची आई रुक्मिणीबाई, करारी बाई, सुपारी फोडत म्हणाल्या, "पोरी, नाव काय तुझं?"

"स..."

रुतलं. तिथंच, नेहमीच्या जागी.

"स... स..."

मामींनी तोंड उघडलं. मुन्शीनं हात वर केला. "ऱ्हाऊ द्या मामी. तिचं ती सांगंल."

बाहेर कडबा उतरवणारा गडीसुद्धा थबकला. सत्यभामेनं मान वर केली. तो गोठ्यात बसला होता तसाच बसला होता, कुठंही जायची घाई नसल्यासारखा.

"स... सत्य... सत्यभामा."

पुरं नाव. तिचं तिनं सांगितलेलं.

"गोड हाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

इथं पोरीनं उठून आत जायचं असतं. सत्यभामा उठली नाही. तिनं सरळ त्याच्याकडे बघितलं.

"आन् तु... तुमचं?"

मामींनी कपाळाला हात लावला. आणि ज्यानं इतकी गावं बडबड करत पालथी घातली होती, तो मुन्शी कानापर्यंत लाल होऊन नुसता तोंड उघडून बसला. शब्द फुटेना!

"गहिनीनाथ म्हनत्यात त्याला," आईच हसत म्हणाली. "पर तुला गं कशाला?"

"ल... लगीन झाल्यावर नाव घेता येत न्हाई," सत्यभामा म्हणाली. "म्हून आजच."

मग सगळ्यांदेखत तिनं ते घेतलं. "ग..." पहिल्याच अक्षरावर ती अडली. "ग... ग..." कुणी हसलं नाही, कुणी पुरवलं नाही. त्याचं नाव तिच्या ओठांवर बराच वेळ राहिलं, आणि तो डोळे मिटून, पुरं होईपर्यंत ऐकत बसला.