बंद खिडकीजवळची जागा

सिगरेटचा धूर आधी हातभर सरळ वर चढतो, मग डगमगतो आणि बंद खोलीत बसल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला थर धरून राहतो. दाराशी खुर्चीत बसून ती तो थर पाहत होती. नवऱ्याचा धंदा पुस्तकबांधणीचा. खिडकी उघडली की कागद उडतात, म्हणून ती बारा महिने बंद. उभं आयुष्य तिने त्याच्या शेजारी बसून पुस्तकं शिवली. आता छातीतल्या गाठीने तिला तिथून उठवलं होतं, आणि त्याच जागी सुईदोरा घेऊन बसली होती सातव्या महिन्यातली सून!

"सिगरेट सोडा हो आता तरी," निघता निघता गिऱ्हाईक नवऱ्याला म्हणालं.

"कशाला? हिने जन्मात ओढली नाही, तरी कॅन्सर फुप्फुसाचाच! आणि मी बघा, ठणठणीत. ज्याचं त्याचं नशीब!"

नशीब...! डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलं होतं, "खात्री कुणीच देणार नाही, पण इतकी वर्षं दुसऱ्याचा धूर घेतलात, त्याचाच हा परिणाम असावा." तिने हात जोडले होते. "ह्यांना सांगू नका हो... हाय खातील!"

हाच माणूस रोज तिला मऊ भात भरवत होता, तिचे गळलेले केस मुकाट्याने उशीवरून वेचत होता. त्याच्या काळजात कशी सुरी खुपसायची?

सून खोकली. पुन्हा खोकली.

"पोरी, बाहेर बस जरा."

"एवढं पुस्तक होऊ दे ना आई. बाबा एकटेच खपतायत!"

तिच्या अंगावर काटा आला. ती स्वतःही अगदी असंच म्हणायची! भिंतीला धरून ती उठली.

"अहो..."

"काय गं? उठलीस कशाला? पाणी हवंय?" तो धावत आला. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"मी कधी ओढली नाही, पण तुमचा धूर घेतला. माझं दुखणं त्यातलंच असावं, असं डॉक्टर म्हणाले... मीच लपवलं."

तो मटकन खाली बसला. त्याने तिच्या तळहातावर कपाळ टेकलं.

"इतके दिवस... एकटीने सोसलंस? बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही मोडाल म्हणून." तिचा श्वास पुरेना. डोळे वाहत होते, पण आवाज हलला नाही. "आता मोडलात तरी चालेल. ही पोर उद्यापासून या खोलीत बसणार नाही."