विस्तवावरची फुंकर

पुढे लिहिलेली हकीकत सत्य आहे. माझ्या वयाच्या माणसाला खोटे बोलून मिळवायचे असे काही उरलेले नसते.

अशा कथेत वाचकांना रात्र हवी असते, अमावास्या हवी असते, ओसाड रस्ता हवा असतो. येथे तसे काही नाही. हे सारे दिवसाढवळ्या घडले. सुरुवात झाली गेल्या श्रावणात, भर दुपारी, कारंजा (घाडगे) गावापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी.

आणि तरीही... सायंकाळी देवापुढे निरांजन लावताना ज्योत वाकत तर नाही ना, हे मी अजून पाहतो.

मी कारंज्याच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीनंतर वर्ध्याला, बोरगाव मेघे येथे राहावयास आलो. पौरोहित्य हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी प्रसंग पडला तर मी नाही म्हणत नाही. रूपराव अशांपैकीच एक. त्याला एकुलता एक मुलगा होता, अंकुश. तो टँकर चालवीत असे.

त्या वैशाखात एका राजधानीच्या शहरातील तेलाच्या डेपोला आग लागली. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अनेक माणसे गेली. अंकुशचा टँकर त्या वेळी आत, भरण्याच्या रांगेत उभा होता.

त्याचे काहीही परत आले नाही.

अस्थी नाहीत. राखही नाही. तेथील राख कोणाची आणि कशाची, हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. घरच्यांचे रक्त तपासणीसाठी नेले, महिने गेले, आणि शेवटी जुळण्यासारखे काही सापडले नाही, एवढाच निरोप आला.

देह मिळत नाही तेव्हा शास्त्राने एक मार्ग ठेवला आहे. पळसाच्या देठांचे हातपाय, नारळाचे मस्तक, वर सातूच्या पिठाचा लेप. असा पुतळा करून, त्यालाच देह मानून, अग्नी द्यावयाचा.

रूपराव मला न्यावयास आला तेव्हा एवढेच म्हणाला, "गुरुजी, पोरगा अडकून राह्यला. त्याले सोडवा."

अडकला आहे हे तुला कशावरून कळले, असे मी विचारले.

तो खाली पाहू लागला.

"घरी चला. दिसन तुमाले."

घरी पोहोचलो तेव्हा आकाश भरून आले होते, पण वारा अजिबात नव्हता. अंगणातील तुळशीचे पानही हलत नव्हते. दूर महामार्गावरून ट्रक जात होते, त्यांचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. रूपरावचा चुलत भाऊ तानबा ओसरीवर बसला होता. मोठा बोलका, कशालाही न भिणारा गडी.

"या गुरुजी. चहा मागू नका बरं का. या घरी चहा भेटत नाई आता."

"का?"

"चूल पेटत नाई म्हणते आमची वहिनी. गॅसबी इझते. रोज माह्या घरून डबा येते इकडं." तो रूपरावकडे वळला. "भाऊ, दुकानदारानं तुले बुरसल्या काड्या देल्ल्या. हे पाह्य, माही माचिस. पाण्यात पडली तरी पेटते!"

त्याने बिडी ओठांत धरली आणि काडी ओढली.

पेटली... आणि विझली.

"ओली हाय," तो हसला.

दुसरी काडी. पेटली... विझली.

तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही तळहातांचा आडोसा केला. मी अगदी समोर बसलो होतो. ज्योत सरळ उभी राहिली. मग ती हळूच वाकली. एखाद्याने जवळ येऊन ओठ पुढे करावेत, तशी.

फू...

मी ती फुंकर ऐकली. कानांनी, स्पष्ट.

तानबाचे ओठ मिटलेले होते. त्यांत बिडी होती.

त्याने ती बिडी हळूच खिशात ठेवली आणि माचिस लांब सरकवली.

दारात मनकर्णाबाई, अंकुशची आई, उभ्या होत्या. त्यांच्या मुद्रेवर भय नव्हते, आणि त्याचेच मला अधिक भय वाटले.

"भेऊ नका गुरुजी," त्या म्हणाल्या. "अंकुश हाय तो."

मी खाली पडलेली विझलेली काडी उचलून पाहिली.

"त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आलता. आई, लाईन लई मोठी हाय, ऊन तापून राह्यलं, नंबर लागला का निघतो म्हणे. मी चुलीवर चहा ठेवलाच होता. फोन ठेवला... थोड्या वेळानं चूल अशी भप्पकन इझली. वारा नाई, पाणी नाई. तवाच समजलं मले. टीव्हीवर तर मंग दाखवलं." त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. बोटांवर भाकरीच्या तव्याचे जुने डाग होते. "लहान होता तवा मले चटका बसला का धावत ये. हात धरून फू फू करे. मोठा झाला तरी करे. आता थो आगच इझवते. चटका लागूच नाई म्हणून."

मी त्यांना विधी समजावून सांगितला. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"एकदा जळला न माहा लेक? आता पुन्हा काऊन जाळता त्याले?"

"बाई, तो अग्नी मारणारा होता. हा नेणारा आहे."

"आगीले काय समजते, गुरुजी, थे कोणती हाय ते?"

आयुष्यभर मी अग्नीची स्तुती शिकवली. देवांना आहुती पोहोचविणारा तो, मृतांना वाट दाखविणारा तो. त्या बाईंपुढे मी हातातली पोथी मिटून ठेवली.

रूपराव मात्र रडू लागला. "असं कसं चालन, मनकर्णा? थो काय सुखात हाय का? दिवसभर घरात घिरट्या घालते. आग पाहून तगमग करते. त्याले जाऊ दे न व माय."

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. तो होकार होता की नकार, हे मला आजही कळलेले नाही.

मृताच्या घरचा अग्नी मडक्यातून न्यावयाचा, असा नियम आहे. या घरी तर काडीही टिकत नव्हती. म्हणून तानबाच्या चुलीतले निखारे घेतले. ज्योत नको, निखारेच बरे, असे तानबा म्हणाला, आणि मलाही ते पटले. निखारा काही फुंकरीने विझत नाही.

आम्ही नदीकाठी गेलो. मी कुश पसरले, देठ रचले, लोकरीच्या सुताने बांधले. पिठाचा लेप देताना रूपराव थांबला.

"गुरुजी, उंची कमी झाली. आमचा अंकुश उंच हाय."

मी आणखी देठ जोडले. पुतळा तयार झाला तेव्हा रूपरावने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

श्रावणातील लाकडे. ओली. आमच्या भागात अशा वेळी लोक काय करतात, हे कोणालाही विचारावे. मी डोळे मिटून मंत्र म्हणत होतो. नाकाला वास आला तेव्हा डोळे उघडले.

तानबा ट्रॅक्टरच्या कॅनमधून सरणावर डिझेल ओतत होता.

"तानबा!"

तो दचकला. त्याने हातातील कॅनकडे पाहिले. मग पुतळ्याकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला. "ओली होती लाकडं... आपण नेहमीच टाकतो न, गुरुजी... माह्या ध्यानातच नाई आलं..."

मी थांबा म्हणणार होतो. परंतु रूपरावने मान फिरवून, डोळे गच्च मिटून, मडके सरणाच्या पायथ्याशी उपडे केले होते.

निखारे राखेने झाकलेले होते. मंद. काही पेटले नाही. क्षणभर मला वाटले, वाचलो.

मग...

फू...

कोणीतरी निखाऱ्यांवर फुंकर घातली.

ते लाल झाले.

फू... फू... फू...

घाईघाईने. घाबरून. जीव तोडून फुंकावे तसे. तो विझवीत होता... आणि प्रत्येक फुंकरीने निखारे उजळत होते. मी ओरडलो, "अंकुश, थांब!" माझ्या तोंडून त्याचे नाव कसे आले, मला माहीत नाही.

फू...

भडका उठला.

काळा, दाट धूर. त्या एका कॅनमधल्या डिझेलचा इतका धूर होणे शक्य नव्हते. आणि त्या धुरात, ज्वाळांच्या मध्यभागी, पुतळा उठून बसला.

सरणावर प्रेत उठून बसते, हे मी पाहिलेले आहे. उष्णतेने स्नायू आखडतात, त्याला घाबरण्याचे कारण नसते.

पळसाच्या देठांना स्नायू नसतात.

त्याने दोन्ही हात तोंडापुढे घेतले होते. जळणाऱ्या माणसाने घ्यावेत तसे.

रूपरावने डोळे उघडले. तो किंचाळला नाही. त्याने शेजारची पाण्याची घागर उचलली आणि सरणावर रिती केली. मग नदीत धावला, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. तानबा त्याला धरू लागला तर त्यालाही ढकलून दिले. सरण विझेपर्यंत तो थांबला नाही.

पुतळा अर्धा जळला होता. अर्धा तसाच.

विधी अपुरा राहिला. अपुरा विधी न केलेल्या विधीहून वाईट. मी पुढे पुष्कळदा सांगितले, पुन्हा करू, नीट करू. रूपरावचे एकच उत्तर असे.

"दोनदा जळला, गुरुजी. तिसऱ्या वेळी मी नाई जाळू देणार."

त्यानंतर त्या घरात आगीचे नावही कोणी काढले नाही. तानबाच्या घरचा डबाही मनकर्णाबाईंनी बंद केला. गरम अन्न दारात आले की घरात कोणीतरी धावते, असे त्या म्हणत. दोघे भिजवलेले पोहे खात, शेंगदाणे खात. सायंकाळी देवापुढे दिवा नसे. मी एकदा भेटावयास गेलो. अंधारू लागलेल्या स्वयंपाकघरात त्या थंड चुलीजवळ बसल्या होत्या. पुढे दोन ताटल्या होत्या. रूपराव शेतावर होता.

"दिवा लावू नका, गुरुजी," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ताच निजला हाय."

पौषातील थंडीत त्यांना ताप भरला. रूपराव त्यांना दवाखान्यात नेऊ पाहत होता. तेथे शेगड्या असतात, तेथे उकळते पाणी असते, म्हणून त्या गेल्या नाहीत. अंगाला शेक देता येईना. चार घोंगड्यांखाली त्या कुडकुडत राहिल्या, आणि एके सकाळी रूपरावने हाक मारली तेव्हा त्यांनी ओ दिली नाही.

मी गेलो. तीच नदी, तोच काठ. लाकडे या वेळी कोरडी ठणठणीत होती. डिझेलला कोणी हात लावला नाही.

काड्या ओढल्या.

फू... फू...

गावची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. काही जण मुकाट्याने घराकडे परतले. शेवटी तानबा पुन्हा आपल्या घरून निखाऱ्यांचे मडके घेऊन आला. येताना त्याने स्वतः आत पाहिले होते. निखारे लालभडक होते.

आम्ही श्वास रोखून वाट पाहिली. फुंकरीची.

या वेळी फुंकर आली नाही.

रूपरावने मडके उपडे केले. आतून काळे कोळसे पडले. मी वाकून एक उचलला.

तो ओला होता.

गार, थबथबीत ओला. नदीतून नुकताच काढावा तसा. बापाने घागर ओतताना त्याने पाहिले होते... आणि तो शिकला होता.

रूपरावने कोळशाकडे पाहिले, मग बायकोच्या चेहऱ्याकडे.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "थो तिले जळू नाई देत."

मनकर्णाबाईंना आम्ही नदीकाठी मातीत ठेवले. त्यांच्या कुळात कधी कोणाला मातीत ठेवलेले नव्हते. मला आठवले ते मी म्हटले. ते कोणापर्यंत पोहोचले, मला ठाऊक नाही.

त्या सायंकाळी रूपरावच्या घरात चूल पेटली. पहिल्याच काडीला.

लोक म्हणाले, सुटला. आईला घेऊन गेला. मी होय म्हणालो नाही. अग्नीवाचून कोठे जाता येते, हे मला कोणी शिकविलेले नाही. ते दोघे जेथे कोठे असतील, तेथे उजेड नसेल, एवढेच मला वाटते. ऊबही नसेल.

गेल्या आठवड्यात मी रूपरावकडे जाऊन आलो. दुपारची वेळ होती. रूपराव चुलीपुढे बसला होता. चुलीवर काही नव्हते. त्याच्या भोवती जळालेल्या काड्यांचा ढीग पडला होता.

मी हाक मारली. त्याने ऐकली नाही.

त्याने माचिस घेतली. काडी ओढली. ज्योत उभी राहिली, सरळ, निश्चल. तो तिच्याकडे पाहत राहिला. काडी जळत जळत बोटांपर्यंत आली. चटका बसला, पण त्याने काडी सोडली नाही. ती आपली आपणच विझली.

मग त्याने ते भाजलेले बोट समोर, रिकाम्या हवेत धरले...

आणि वाट पाहत बसला.