गार घागर

या, जवळ सरका. एका घागरीची गोष्ट सांगतो. खरं ते पांडुरंगाचं, चुकलं तर माझं.

चोपड्याजवळचं गाव, मे महिना. तानुबाईच्या अंगणातल्या दगडावर तापमापकाची बंदूक रोखली, की आकडा यायचा बावन्न. शेजारच्या पितळी घागरीवर रोखली, की चार.

तानुबाईचा नवरा कौतिक गेला, तेव्हा त्याच्या तोंडात शेवटचं पाणी याच घागरीतलं पडलं होतं. "नवऱ्याचा जीव कोंडलाय हिनं," गाव कुजबुजायचं. त्या दिवशी चार वाजता गावाची बैठक होती. तानुबाई डाकीण ठरली, की गावाबाहेर.

तिच्या भाचीनं जळगावहून खासगी तपास करणाऱ्या दीपमालाताईंना बोलावलं. सोबत निवृत्त हवालदार झुलालनाना.

"नाना, लावा हात."

"तुम्हीच लावा. मला नातवंडं आहेत."

"चटका बसस, पोरी," तानुबाई म्हणाली. "पन मनं कोनी ऐकस नही."

ताईंनी बोट टेकवलं आणि झटकन तोंडात घातलं.

शेजारीण शिल्पा म्हणाली, "मी फक्त घागर घासते. स्वप्नीलभाऊ सांगतात, जिवाचं भांडं आहे, चिंचेनं लख्ख ठेव."

बंदूक स्वप्नीलचीच. त्याची केळी पिकवायची खोली तानुबाईच्या भिंतीला लागून. भिंतीपाशी नव्या विटा रचलेल्या. आत गारव्याच्या चकचकीत नळ्यांवर जागोजाग काळी चिकटपट्टी.

"ही कशाला?"

"निशाणी," स्वप्नील म्हणाला.

चार वाजता अंगण भरलं. ताईंनी शिल्पाकडून तव्याची काजळी मागवली आणि अर्ध्या घागरीला फासली.

"रोखा, नाना."

लख्ख बाजू: चार. काळी बाजू: एकोणपन्नास. लोक दोन पावलं मागे सरले. ताईंनी काचेचा तापमापक घागरीतल्या पाण्यात सोडला. पंचेचाळीस.

"काचेतला पारा पाण्याला शिवून सांगतो. बंदूक शिवत नाही. वस्तूतून निघणारी ऊब लांबून पाहते. काजळी ऊब सोडते; घासलेलं पितळ आपली ऊब फारशी सोडत नाही, आरशासारखं समोरचं दाखवतं. समोर काय? निरभ्र आभाळ. ते चार अंश आभाळाचे आहेत!"

"मग ती चिकटपट्टी?" नानांनी विचारलं.

"चकचकीत नळी बंदुकीला फसवते, हे स्वप्नीलला ठाऊक होतं. म्हणून खऱ्या आकड्यासाठी नळीवर काळी पट्टी, आणि खोट्यासाठी घागरीला चिंच. खोली वाढवायला विटा आधीच आल्यात; तानुबाईची जागा तेवढी रिकामी व्हायची होती."

स्वप्नीलनं मान खाली घातली. एकेक जण येऊन घागरीला हात लावू लागला, चटका बसून हसू लागला.

तानुबाई मात्र हसली नाही. काजळी पदरानं पुसत तिनं घागरीत डोकावून हळूच विचारलं, "मंग... आमना मालक आठे नहीत का?"

ताईही तिच्यासोबत काजळी पुसू लागल्या.

नवऱ्याचं नाव तिच्या ओठी कधी आलं नाही, तेव्हाही आलं नाही. म्हणून माझी विनवणी, बाबांनो: उन्हात घागरीनं हात पोळला, तर तिच्यासाठी एकदा तुम्ही घ्या ते नाव. कौतिक.