एक वाजेपर्यंत दार उघडू नये

"तो घेऊ नका!"

आवाज दुकानाच्या मागच्या पडद्याआडून आला. तिने चकचकीत, सहा लिटरच्या, विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या स्लो कुकरवरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

पडदा सरकला. कानामागे स्क्रू ड्रायव्हर, बोटांना काळं लागलेलं... आणि डोळे मात्र अगदी सरळ. दुकानातला दुरुस्तीवाला होता तो.

मालक कावले. "अरे बाबा, तू आपलं मोडलेलं जोड. विकायचं माझं मी बघतो."

"तुम्ही विकता आणि सहा महिन्यांनी ते माझ्या टेबलावर येतं, म्हणून म्हणतो." मग तिच्याकडे वळून त्याने हळूच विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोनच. बाबा आणि मी."

"मग सहा लिटर कशाला? भांडं अर्ध्याहून कमी भरलं, की कडेने करपतं. बरं, वीज जाते का तुमच्याकडे?"

"जाते ना. दुपारच्या आत एकदा तरी, पाच-दहा मिनिटं."

"मग हा आकडेवाला, डिजिटल नकोच. वीज आली तरी तो ढिम्म बसून राहतो. पुन्हा बटण दाबायला माणूस लागतो. हा बघा..." त्याने खालच्या फळीवरचा, धूळ खात पडलेला तीन लिटरचा कुकर वर काढला. "साधा. बटण फिरवून ठेवायचं. वीज आली की आपला आपण परत कामाला लागतो." आतलं जड मातीचं भांडं काढून त्याने नखाने टिचकी मारली. टणत्कार झाला. "तडा नाही. आणि किंमतही निम्मी."

पाकिटात होतं तेवढ्यात हा बसत होता, वर थोडं उरत होतं. पण तिने लगेच पाकीट उघडलं ते त्यामुळे नव्हे. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी तिला आपणहून 'घरात माणसं किती' असं विचारलं नव्हतं.

"आभारी आहे," ती म्हणाली. पैसे देताना पुन्हा म्हणाली. दारातून वळून तिसऱ्यांदा म्हणाली.

"एका कुकरला किती आभार!" तो हसला.

ती इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी आणि रुग्णांचे सदरे शिवायची. आजारपणापासून बाबांचे हात कापत. एकदा गॅस चालूच राहिला, तेव्हापासून शेगडीला त्यांना बंदी होती. कवळीमुळे जेवण मऊ आणि गरम लागे. म्हणून दुपारी ती धावत घरी येऊन वाढायची. पण नव्या मुख्य बाईंनी ती सवलत बंद केली. "महिनाअखेरपर्यंत सोय बघ, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." कुकर येईपर्यंतचे दिवस तिने शेजारणीच्या हातापाया पडून कसेबसे निभावले होते.

पहिल्या सकाळी तिने मसूर, गाजर, बटाटा भांड्यात घातला, बटण फिरवलं आणि उंबऱ्यावर थांबली. तिचा नेमच होता तो. घराबाहेर पडण्याआधी देवाचे एका गोष्टीसाठी आभार मानायचे, आणि गोष्ट रोज वेगळी हवी. त्या दिवशी तिने कुकरचे मानले.

संध्याकाळी बाबा खाली मान घालून बसले होते. "टाचणे, बटाटा कच्चाच होता गं."

लहानपणापासून अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून ते तिला टाचणी म्हणत. पण आज टाचणी काहीच टोचली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. बाबा दुपारी पाण्यात बुडवून कोरडा पाव खात होते. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

ती कुकर काखोटीला मारून दुकानात गेली. "तुमच्यावर विश्वास ठेवला मी..." तिने कुकर त्याच्या टेबलावर ठेवला. "तीन दिवस बटाटा कच्चाच!"

त्याचा चेहरा उतरला. त्याने तासभर कुकर लावून बघितला, तार तपासली, पाण्यात बोट घातलं आणि "आई गं" म्हणत बाहेर काढलं. "हा तर ठणठणीत आहे. मी... तुमच्या घरी येऊन बघू?"

रविवारी तो आला. सकाळी सातला कुकर लावून, बाबांना 'बाहेर जातो' असं सांगून दोघं शेजारच्या खोलीत, दाराआड, श्वास रोखून उभे. त्याच्या बाहीला सोल्डरचा वास येत होता... तिला उगाचच आवडला.

पंधरा मिनिटं झाली. बाबा चोरपावलांनी आले, झाकण उचललं, आत बघितलं, ठेवलं. पुन्हा पंधरा मिनिटांनी तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा दुरुस्तीवाल्याने हसू दाबायला तोंडावर हात धरला.

"बाबा!" ती ओरडली.

बाबा दचकले. "तीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली. बघितल्याशिवाय माणूस सोडला नाही, तर बटाटा सोडू?"

"काका, झाकण उचललं की सगळी वाफ जाते. पुन्हा तापायला अर्धा तास लागतो त्याला," तो म्हणाला.

बाबा अगदी हळू म्हणाले, "काचेवर वाफ धरते, आतलं दिसत नाही. ही पहाटे उठून रांधून जाते... करपलं तर तिची मेहनत वाया जाईल, म्हणून बघत होतो रे."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. दुरुस्तीवाल्याने खिशातला कागद काढला, ठसठशीत अक्षरांत काही लिहिलं आणि झाकणाच्या मुठीला बांधलं. "या डब्यातल्या सर्वांची तिकिटं तपासली आहेत. एक वाजेपर्यंत दार उघडू नये."

बाबा खो-खो हसले. एक वाजता बटाटा चमच्याने दाबताच विरघळला. बाबांनी ताट बोटांनी निपटून घेतलं.

नोकरी राहिली. कुकर दुरुस्त करायचं काही उरलंच नव्हतं, तरी दुरुस्तीवाला येत राहिला. कधी तार बघायला, कधी प्लग, कधी कुकरच्या खालचे रबरी पाय...

"काय रे," एका रविवारी जेवता जेवता बाबा म्हणाले, "मला झाकण उचलू नका म्हणून दम देतोस, आणि स्वतः आठवड्यात तीनदा येऊन बघून जातोस. शिजलं का, शिजलं का!"

त्याचे कान लाल झाले. ताटावरून मान वर न करताच त्याने विचारलं, "मग... शिजलं का?"

ती भाजी वाढता वाढता थांबली.

"माझा एक नेम आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी उंबऱ्यावर एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे. गोष्ट रोज वेगळी हवी."

"माहीत आहे. काकांनी सांगितलंय."

"गेला दीड महिना मोडतेय मी तो. रोज एकच गोष्ट तोंडी येते..."

"कुकर?"

"कुकरचे पहिल्याच दिवशी मानून झाले."

त्याने मान वर केली. आणि तीस वर्षं बघितल्याशिवाय कुणालाही न सोडणारे बाबा ताट उचलून मोरीकडे निघाले, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी काहीएक बघितलेलं नाही. चालू द्या."