'हेट'ची पाच वाक्यं

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा तिच्यात एक मुलगी आणि चौदा कवळ्या होत्या. दुरुस्तीवाल्याने दार हातभर उघडलं, तर आतून आधी कवळ्यांचा डबाच पुढे आला.

"आधी यांना घ्या," ती म्हणाली. "यांची माणसं उपाशी आहेत."

तो तिथेच कामातून गेला.

ती कवळ्या बनवायची. परदेशात नोकरी ठरली होती, म्हणून दर मंगळवारी चौथ्या मजल्यावर इंग्रजी शिकायला यायची. त्याला इंग्रजीचं काडीचं काम नव्हतं. लिफ्टला वर आणि खाली एवढंच कळतं. तरी त्याने क्लासात नाव घातलं. सरांचा नियम असा, की नव्या शब्दाची पाच वाक्यं करायची, पाचही खरी. जोडीदाराने तपासून सही केली, की शब्द आपला.

'लाइक' त्याला पाच मिनिटांत आला. तिच्याकडे बघत लिहायचं, झालं. 'हेट' मात्र अडला.

"आय हेट गार चहा."

"खोटं. परवा माझा उरलेला गार चहा तू प्यायलास."

"तो तुझा होता ना…"

तिने मान खाली घालून फुली मारली. मग ओले मोजे, डास, त्याचे भाऊजी, एकेकाची चौकशी झाली आणि सगळे निर्दोष सुटले. भाऊजींबद्दल तर त्यालाच वाईट वाटलं.

तिच्या शेवटच्या मंगळवारी त्याने वही पुढे सरकवली. पाचही ओळींत एकच वाक्य होतं — आय हेट शनिवार.

शनिवारी तिचं विमान होतं.

तिने पाचही ओळी सावकाश वाचल्या. "का?"

'बिकॉज' पुढच्या मंगळवारचा धडा होता… आणि मराठीत सांगायची तर त्याला त्याहून जास्त भीती वाटत होती.

तिने सही केली. दोन अक्षरांच्या नावाला तिला बराच वेळ लागला.

दोघं लिफ्टमध्ये शिरले. त्याचं बोट लाल बटणाशी गेलं.

"थांबवू नकोस," ती हळूच म्हणाली. "मग मला जाववणार नाही."

लिफ्ट अकरा सेकंदांत, जराही न अडखळता खाली आली. त्यानेच दुरुस्त केली होती मेली, इतकी चांगली.

पुढच्या मंगळवारी 'बिकॉज' आला. त्याची वाक्यं सगळ्यांच्या आधी झाली, पाचही खरी. सरांनी विचारलं, सही कुठाय?

त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"राहू द्या सर. हा शब्द अजून माझा झाला नाही."