गुरुवारी दुपारी दोन वाजता

चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि चाळीसच्या चाळीस रिकाम्या होत्या. बटाटेवडे केव्हाच गार पडले होते. अकराची पत्रकार परिषद, आणि घड्याळात वाजला होता सव्वा.

मनस्वी टेबलापाशी उभी राहून डोळ्यांतलं पाणी कसंबसं आवरत होती. पनवेलच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात जनसंपर्काच्या कामाला लागून तिला जेमतेम दीड महिना झाला होता आणि हा तिचा पहिलाच कार्यक्रम. मिठागरात उन्हातान्हात आयुष्य काढलेल्या माणसांचे डोळे दवाखाना फुकट तपासणार होता, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनही करणार होता. पण पेपरात आल्याशिवाय उरणच्या खेड्यापाड्यांत ते कळायचं कसं? बड्या डॉक्टर आशालता मॅडम तासभर वाट बघून, काही न बोलता वर निघून गेल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटत होतं.

इतक्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, केस नुकतेच धुतलेले, पाठीला बॅग.

"पत्रकार परिषद इथंच ना?"

"होती," मनस्वी म्हणाली. "अकराला."

"उशीर झाला का हो?"

"छे! तुम्ही पहिलेच आलात."

तो हसला. चक्क हसला! मनस्वीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं मात्र वड्यांच्या ताटाकडे बोट केलं. "एक घेऊ? सकाळपासून पोटात काही नाही."

"एक कशाला? चाळीस आहेत. होऊ दे खर्च!"

त्यानं खरंच दोन उचलले. पहिला वडा संपवून तो म्हणाला, "रागावू नका, पण एक विचारतो. आज वार कोणता?"

"बुधवार."

"बुधवारी तुमच्या घरी जेवायला काय असतं?"

"मासे," ती म्हणाली. हा काय प्रश्न झाला!

"आणि ते आणतं कोण?"

"आई. मार्केटातून."

"आणि मार्केटात आणतं कोण?" त्यानं दुसरा वडा छातीशी धरला. "मी! करंजाच्या बंदरावर लिलाव, मग टेम्पो, मग पनवेलचं मार्केट. आई विकते, मी सोबत. रविवार, बुधवार, शुक्रवार. बातमीदार मी दुपारनंतर होतो. केतन माझं नाव."

मग त्यानं तिला पनवेलच्या पत्रकारांची सगळी कुंडलीच सांगितली. पगारी असे दोन-चारच. बाकीचे बातमी छापून आली तर मानधन, नाही तर हरी हरी. त्यामुळे प्रत्येकाचा पोटाचा धंदा वेगळा. दयारामकाकांची पिठाची गिरणी. मालूताईंच्या सकाळ-संध्याकाळ दहावीच्या शिकवण्या. अकरा वाजता, तेही मासे खायच्या वारी, मोकळं असणार कोण?

"मग तुम्हा लोकांना बोलवायचं तरी कधी?" मनस्वीनं रडकुंडीला येऊन विचारलं.

"गुरुवारी. दुपारी दोन वाजता." केतन बोटांवर मोजायला लागला. "गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं. त्या दिवशी वीज नसते म्हणून काकांची गिरणी बंद. मालूताई चारपर्यंत मोकळ्या. बोलावून तर बघा..."

मनस्वी पनवेलजवळच्या ओवे गावातल्या आगऱ्याची मुलगी. जन्मापासून बुधवारी मासे खात आलेली. आणि तिनंच परिषद ठेवली बुधवारी! घरी सांगितलं तर आई, भामाबाई, तवा खाली ठेवून हसत सुटली. "आगो, बुदवारी कोन मोकला असतं गो? येवढी शिकलीस, आनि वार नाय कलला तुला?"

पुढच्या गुरुवारी दोन वाजता चौदा जण आले. चौदा! दयारामकाका तर दहा मिनिटं आधीच येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसले. बातम्या छापून आल्या, शिबिराला रांग लागली, आणि आशालता मॅडमनी मनस्वीला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला.

मनस्वीनं मग एक वहीच केली. कोण कुठल्या वारी, किती ते किती मोकळं, सगळं त्यात. दर सोमवारी ती एकेकाला फोन करायची. केतनचा फोन मुद्दाम शेवटी ठेवायची, म्हणजे पुढे कुणाला करायचा राहायला नको.

"या आठवड्यात कधी मोकळे आहात?"

"दवाखान्यासाठी विचारताय, की असंच?"

"दवाखान्यासाठीच! दुसरं काय असणार?"

"दवाखान्यासाठी गुरुवार. असंच असेल तर... सोमवारही आहे, शनिवारही आहे."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिचे गाल तापलेले राहायचे.

परिषद संपली, की खुर्च्या गोळा करायला तो थांबायचा. त्याच्या हातांना नेहमी लिंबाचा वास यायचा. एकदा तिनं विचारलंच, "हे लिंबू कशाला चोळता हाताला?"

"मासळीचा वास जावा म्हणून." त्यानं नजर खाली घातली. "तुम्हाला... त्रास नको व्हायला."

"अहो, मी आगऱ्याची पोरगी! मला मासळीचा त्रास?" ती खळखळून हसली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, आणि एकाच खुर्चीवर दोघांचे हात होते. कुणीच हात काढून घेतला नाही. त्या दिवसापासून 'अहो-जाहो' गेलं.

"पोरांनो," दयारामकाका एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "चौदा खुर्च्या उचलायला एक तास लागतो होय रे?"

असे दोन-अडीच महिने मजेत गेले. आणि मग दवाखान्याचं नवं ऑपरेशन थिएटर तयार झालं.

उद्घाटनाला मुंबईचे एक बडे पाहुणे येणार होते आणि त्यांना एकच वेळ जमत होती – शुक्रवार, सकाळी अकरा. आशालता मॅडमनी निक्षून सांगितलं, "झाडून सगळे पत्रकार हवेत. तुझं ऐकतात ना ते? मग आण."

मनस्वीनं फोन लावायला घेतले. मालूताई नाही म्हणाल्या. काका नाही म्हणाले. केतनला फोन करणं या वेळी नेहमीसारखं सहज नव्हतं.

"शुक्रवारी? नाही गं जमणार."

"अरे, एकच शुक्रवार! आईंना सांग ना एकटीनं सांभाळायला. तीस वर्षं धंदा करतायत त्या, एक दिवस तुझ्यावाचून काय अडणार आहे?"

मग त्याचा आवाज एकदम कोरडा झाला. "अडतं."

"पण का?"

"ते नाही सांगता येणार."

"सांगता येणार नाही, की यायचंच नाही? माझी नोकरी जाईल केतन, तुला कळतंय का?"

"मनस्वी, आमचे वार तू लिहून घेतलेस," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, समजूनही घेतलेस." आणि फोन बंद झाला.

ती वहीकडे बघत बसली. पहिल्यांदा तिला भयंकर राग आला. मग रडू आलं. रिक्षात बसून घरी जाताना मात्र छातीत नुसती धडकी भरली. हा माणूस आता परत बोललाच नाही तर? नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण केतन गेला तर... त्या विचारानं तिला त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही. भामाबाईंनी दोनदा विचारलं, काय झालंय, म्हणून. ती "काही नाही" म्हणाली, आणि आईला काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ती थेट मॅडमच्या खोलीत शिरली.

"मॅडम, उद्घाटन शुक्रवारीच करा. पण पत्रकारांना आदल्या दिवशी बोलावू. गुरुवारी, दोन वाजता."

"पाहुण्यांशिवाय? डोकं फिरलंय का तुझं?"

"मॅडम, त्या लोकांनी पोटावर पाय देऊन का यायचं? आपण फुकट ऑपरेशन करतो ते गरिबांची सोय बघून, मग बातमी लिहिणाऱ्यांची सोय नको बघायला? पाहुण्यांचा फोटो शुक्रवारी आपणच काढून पाठवू. गुरुवारी पेशंटना बोलू दे."

मॅडम बराच वेळ पेन वाजवत राहिल्या. "एक खुर्ची रिकामी दिसली ना, तर तू आहेस आणि मी आहे," त्या अखेर म्हणाल्या.

मनस्वीनं सगळ्यांना मेसेज पाठवला. केतनला पाठवताना खाली एक ओळ जास्तीची लिहिली – 'चुकलं माझं. तू आला नाहीस तरी परिषद गुरुवारीच असेल.' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला, तरी नाही.

गुरुवारी दोन वाजता सोळा जण हजर होते. सतरावी, मागची खुर्ची तेवढी रिकामी. मिठागरातली कमळाबाई उभी राहिली आणि म्हणाली, "नातू दोन वर्साचा झाला, पन त्याचा तोंड मी आता बगितला." मालूताईंनी डोळे पुसले. आशालता मॅडम मनस्वीकडे बघून कौतुकानं हसल्या. मनस्वी दाराकडे बघत होती.

तीनला सगळे पांगले. काकांनी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती एकटीच खुर्च्या उचलायला लागली, आणि तेव्हा जिन्यात पावलं वाजली.

केतन होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, हिरव्या लुगड्यातली, गळ्यात ठसठशीत सोनं घातलेली त्याची आई, सोनाबाई. तिनं आत येण्याआधी पायानं उंबरठा चाचपला. मनस्वी चार महिने डोळ्यांच्या दवाखान्यात काढून बसली होती. ते चाचपणं तिनं ओळखलं.

"आज पत्रकार म्हणून नाही आलो," केतन म्हणाला. "पेशंट घेऊन आलोय."

"हलू बोल रं मेल्या!" सोनाबाईनं त्याला दटावलं. मग मनस्वीचा हात शोधून घट्ट धरला. "पोरी, दोन वर्सं झाली. मासळीचा कल्ला लाल हाय का काला, मना कलत नाय. ह्यो मागं उभा राहून कानात सांगतं, तवा मी बोली लावते. कोलिनीला ताजं-शिलं दिसत नाय ह्ये बंदरावर कलला, तं कोन उभी करील मना? म्हनून ह्याला शपत घातलेली, कोनाला सांगायचा नाय."

"म्हणजे शुक्रवारी..." मनस्वीनं केतनकडे बघितलं.

"तिचे डोळे मी असतो गं," केतन म्हणाला. "अख्ख्या तालुक्याला लिहून सांगतो, डोळे तपासा, आणि घरात आईला तयार करता येत नाही. त्याची लाज वाटायची. राग तुझ्यावर काढला. तुझा मेसेज आईला वाचून दाखवला, तेव्हापासून तिची समजूत घालत होतो. रोज. आज ऐकलं तिनं."

"ऐकलं कंदी?" सोनाबाई फणकारली. "बगायला आलंय फकस्त. आठ-धा दिस घरी बसवतील मना, आनि धंदा?"

मनस्वीनं डोळे पुसले. वार आणि वेळ बसवणं हे तर तिचं कामच होतं. "मावशी, सोमवारी मार्गशीर्ष लागतोय. मार्गशीर्षात मासळीला किती गिऱ्हाईक असतं?"

"कुटला गो! निम्मी लोकां मासली सोडतात."

"मग त्याच महिन्यात करू. पुरता बाजार भरेल तेव्हा तुम्ही उभ्या असाल. आणि कुणाला काही सांगायचं नाही, माहेरी गेल्यात म्हणून सांगू."

सोनाबाईनं बोटांवर दिवस मोजले. मग हळूच म्हणाली, "पोरगी हुशार हाय रं."

ऑपरेशन मंगळवारी झालं. बुधवारी सकाळी पट्टी काढायची होती. बाहेरच्या बाकावर केतन आणि मनस्वी शेजारी शेजारी बसले होते. त्याचा हात तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"नाही दिसलं तर?"

"दिसेल."

"पण नाहीच दिसलं..."

"केतन, गप्प बस. दिसेल म्हणते ना मी!"

आतून हाक आली. आशालता मॅडमनी पट्टी काढली. सोनाबाईनं डोळा दोनदा मिटला, उघडला, आणि समोर उभ्या मुलाकडे टक लावून बघितलं.

"केतन्या... किती सुकलास रं!"

केतन ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडायला लागला. मनस्वी रडायला लागली. सोनाबाईचाही ओठ थरथरला, तशा मॅडम ओरडल्या, "कुणी रडायचं नाही! विशेषतः पेशंटनं! डोळ्याला पाणी चालत नाही!" आणि स्वतःच नाक पुसत बाहेर गेल्या.

सोनाबाई मनस्वीकडे वळली. तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून झाल्यावर मुलाला म्हणाली, "हिला सांगितलास का?"

"आई, आत्ता नको..."

"मना रोज टेम्पोत सांगतोस, ते हिला सांगाला काय झालं तुला?"

"काय सांगतोस रे?" मनस्वीनं विचारलं.

केतनचे कान लाल झाले. "हेच की... तू मला आवडतेस. फार. आणि त्या दिवशी फोन ठेवला तेव्हापासून मला वाटत होतं, गमावलं मी तुला..."

मनस्वीला एकदम हसू फुटलं. डोळे अजून वाहत होते, नाक लाल झालं होतं, आणि ती हसत होती. दोन-अडीच आठवडे छातीवर बसलेलं ओझं कुठल्या कुठे गेलं.

"वेड्या," ती म्हणाली, "मला वाटत होतं, मी गमावलं तुला!"

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. समोर त्याची आई बसली होती, दार सताड उघडं होतं, बाहेर पेशंटची रांग लागली होती. तिनं डोकं उचललं नाही.